कार्ड आईकडे, कवळी डॉक्टरकडे

...म्हणजे कार्ड माझं, त्यावर नाव माझं, बिल येतं तेही माझ्याच नावानं, आणि ते ठेवलंय कुठे हे फक्त माझ्या आईला माहीत! का? तर बायकोचा हुकूम. "यंदा सगळ्यांच्या भेटवस्तू रोखीनं घ्यायच्या. रोख म्हणजे रोख!" अहो, मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, दहा-दहा मजल्यांचे लोक माझ्या भरवशावर वर-खाली करतात, आणि घरात मला एक प्लॅस्टिकचा तुकडा सांभाळता येत नाही म्हणे!

आता तुम्हाला खरं सांगतो, गेल्या वर्षी जरा... झालं होतं. वर्षअखेरच्या सुट्टीत माझी मेहुणी आणि साडू आमच्याकडे राहायला येतात. साडू म्हणजे कसा? दारात बूट काढतानाच बुटांची किंमत सांगणारा! मग मीही पेटलो. काढलं कार्ड की घासलं, काढलं की घासलं. काय मजा हो, पैसे जातायत असं वाटतच नाही! ते वाटतं पुढच्या महिन्यात. मग त्याच्या पुढच्या. व्याज चढत गेलं, चढत गेलं, आणि शेवटी फेडलं कशातनं? आईच्या कवळीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतनं. आई वर्षभर पाव दुधात कुस्करून खातेय. एका शब्दानं बोलली नाही... म्हणजे बोललीही असेल, पण बिनदाताचं ते बोलणं, मला काही कळलं नाही. पण ती तशी समोर जेवायला बसली ना, की मी भाकरी बाजूला सारून नुसता वरणभात खायचो. खोटं कशाला बोलू?

तर यंदा बायकोनं कार्ड काढून आईच्या हातात ठेवलं आणि माझ्या हातात नोटांचं पाकीट. "एवढ्यात सगळ्यांचं बसवायचं. उरेल ते कवळीला. रोख म्हणजे रोख!"

गेलो दुकानात. पोरांना रंगपेट्या झाल्या, मेहुणीला छत्री झाली, राहिला साडू. एक बॅग दिसली, चामड्याची, काय तिचा थाट! काउंटरवरची मुलगी म्हणते, "सर, कार्ड असेल तर आज काहीच द्यायचं नाही हं!" म्हटलं, "आणि उद्या?" "उद्याचं उद्या बघू ना, सर!" इतकं गोड म्हणाली, माझा हात आपोआप खिशात गेला. खिशात काय? पाकीट. हिशोब केला, तर बॅग घेतली की आईला नुसता वरचा जबडा मिळणार! ठेवली बॅग खाली.

बाहेर येऊन साडूलाच फोन लावला, "शर्टाचा नंबर काय हो तुमचा?" तर पलीकडनं कुजबुज, "काही घेऊ नका हो! तुम्ही घेतलंत की मला घ्यावं लागतं. माझं कार्ड हिनं जप्त केलंय!" साडू! हा माणूस! मला तर त्याला मिठीच मारावीशी वाटली. मग तोच म्हणाला, "गेल्या वर्षी तुम्ही दिलेलं दाढीचं मशीन खोक्यासकट तसंच पडलंय." पडणारच! छातीपर्यंत दाढी आहे त्याला! मी म्हटलं, "तुम्ही दिलेलं पावलं मोजायचं घड्याळही तसंच आहे." दिवसभर लिफ्टमध्ये उभा असतो हो मी, पावलं कसली मोजू? "मग?" तो म्हणाला. "मग!" मी म्हणालो. ठरलं. त्याचं त्याला, माझं मला. बायकांनी ती खोकी कधी धड बघितलीही नव्हती. म्हणजे उधारी नाही, आणि रोखही नाही!

उरलेले सगळे पैसे घेऊन तसाच दाताच्या डॉक्टरकडे गेलो, भरून टाकले. सुट्टी संपली की कवळी तयार, म्हणाले.

घरी आलो, कपाटाच्या तळातनं ते घड्याळाचं खोकं काढलं, दार लोटलं आणि रंगीत कागद गुंडाळायला बसलो, तर आई आत! खोक्याकडे बोट करून "अव्व... फ्फ..." असं काहीतरी सुरू. म्हटलं, "हो गं आई, भरले पैसे, येतेय तुझी कवळी!" ती आणखी जोरात. मी आणखी चिकटपट्टी लावली. शेवटी तिनं कपाळावर हात मारला आणि गेली बाहेर.

सुट्टी लागली, मंडळी आली, सगळे गोल करून बसले. साडूनं कागद फाडला. "अरे वा, घड्याळ! कसं हो ओळखलंत?" काय अभिनय! आणि घड्याळ उचललं, तर खालनं टपकन माझं कार्ड त्याच्या मांडीवर! मेहुणी ओरडली, "अगं बाई, भाऊजी! कार्डच देऊन टाकलंत?" बायकोनं कार्ड बघितलं, घड्याळ बघितलं, मग माझ्या हातातलं खोकं ओढून उघडलं, तर दाढीचं मशीन! सगळं बाहेर. दोघी बहिणी डोळ्यातनं पाणी येईपर्यंत हसल्या, आणि आम्ही दोघे साडू जमिनीकडे बघत बसलो. आईनं म्हणे विचार केला होता, की घरात एवढं एकच खोकं आहे जे हा जन्मात उघडणार नाही. आता यात माझं काय चुकलं, सांगा! उघडलं का मी? नाही!

आणि मग आली हो कवळी. आईनं बसवली, आरशात बघितलं, सफरचंदाचा कचकन लचका तोडला. मला भरूनच आलं. वाटलं, आता ही डोक्यावर हात ठेवणार. तिनं सावकाश घास संपवला आणि एकेक अक्षर स्वच्छ, खालच्या मजल्यावर ऐकू जाईल असं म्हणाली, "गाढवा, कार्ड त्यात आहे म्हणून घसा फोडून सांगत नव्हते का मी?" तेव्हापासून जी सुरू झालीय ती थांबलेली नाही. वर्षभराचं साठलंय ना! आणि कळतंय, हो, सगळं कळतंय. बोलायचं कोणाला? पैसे मीच भरलेत.

रोख!