टाकीच्या रेघा

(खानापूर, १९८६. आषाढातला रविवार, सकाळचे दहा. दोन वर्षांपूर्वी मस्कतहून कायमचा परतलेला धर्मराज बेळगावच्या खासबागेतून पहिल्या गाडीनं आईकडे आलाय. चहालाही न थांबता तो तिच्या झोपायच्या खोलीत, हवेतला ओलावा ओढून घेणाऱ्या मशीनपुढं स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मांडी ठोकून बसलाय. सोबत त्यानं एक रिकामी ट्रंक आणलीय. ती शेवंताबाईंना दिसलीय, पण अजून त्यांनी त्याबद्दल अवाक्षर काढलेलं नाही.)

शेवंताबाई: आदी च्या घे म्हनते मी. मशीन काय पळून चाललंय व्हय?

धर्मराज: ह्या मशीनला झबलं कुणी घातलं?

शेवंताबाई: झबलं न्हवं रं, कवर हाय ते. माज्या इरकलीच्या पदराचं शिवलंय. नाड्या बगितल्यास? चार बाजूला चार. रेडिवोला हाय, शिलाई मशीनला हाय. मग एवढं म्हागामोलाचं हेच तेवढं उगडं ठेवू?

धर्मराज: चालू असताना बी घालतीस?

शेवंताबाई: मग! धूळ काय मशीन बंद आसताना तेवढी बसती?

धर्मराज: अगं आये, नाक-तोंड दाबलंयस तू त्याचं. हे बघ, हितनं मागनं हवा आत ओढतंय. आत गार नळ्या हायत. हवेतली ओल त्यांवर धरती आणि थेंब थेंब खाली टाकीत पडती. हवाच आत गेली न्हाई तर पाणी येणार कुठनं?

शेवंताबाई: येतंय की पानी. वही बग. रोजच्या दोन टाक्या.

धर्मराज: बघितली. पहिल्या पानावर दोन, दोन, दोन, दोन. रेघा बी एका मापाच्या.

शेवंताबाई: तूच सांगितलंतंस, टाकी वतली की एक रेघ मार म्हनून.

धर्मराज: आणि दर आयतवारी जाळी धू, हे बी सांगितलं हुतं. चित्र काढून दिलं हुतं कागदावर.

शेवंताबाई: चित्र हाय की! त्ये बग, तुज्या आप्पाच्या फोटूखाली. काच बशिवून घेतली. येनारा-जानारा इचारतोय, कुनी काडलंय म्हनून.

धर्मराज: काच बसवायला न्हवतं दिलं गं. बघून करायला दिलं हुतं. सरक जरा, वायर काढू दे. पहिलं हे ध्यानात ठेव. वायर काढल्याशिवाय आत हात घालायचा न्हाई. आता जाळी... आये, ही जाळी हाय का वाकळ?

शेवंताबाई: अगं बया!

धर्मराज: बोटभर थर बसलाय. आणि आत बघ. नळ्यांवर बरफ धरलंय नुसतं.

शेवंताबाई: बरफ? खानापुरात?

धर्मराज: हवा जाईना झाली की असंच हुतंय. आता हे वितळल्याशिवाय आत काय करता येत न्हाई. टोकरायचं बी न्हाई, नळी फुटली तर मशीन भंगारात. तंवर जाळी धुऊ... थांब. ही नुसती धूळ न्हवं. कापडाची लव हाय ही. पांढरी हाय, खाकी हाय, निळी हाय. आये, तू कवापासनं खाकी वापराय लागलीस?

शेवंताबाई: आली आसंल वाऱ्यानं.

धर्मराज: खिडक्या बंद असताना?

शेवंताबाई: च्या निवला. पी आदी.

धर्मराज: पितो. ट्रंक बघितलीस न्हवं?

शेवंताबाई: बगितली. रिकामी दिसतीया.

धर्मराज: भरून न्यायला आणलीया. आपलं ठरलं हुतं आये. मशीन चालंल तवर खानापूर. मशीन बंद पडलं की माझ्यासंगट खासबाग. डाक्टरांनी काय सांगितलंय, ओल्यात ऱ्हायचं न्हाई म्हणून. आणि ह्या भिंतीला हात लावून बघ.

शेवंताबाई: ठरलंय तसंच ऱ्हाऊ दे की. मशीन चालतंय.

अक्काताई (शेजारीण, दारातून): शेवंताक्का, अगं हाईस का? दोरी मोकळी झाली का न्हाई आज? त्या नागुबाईची सून सकाळधरनं तीनदा माज्या दारात येऊन गेली, लंगोट्या वाळंनात म्हनून... अगं बाई! धर्मा! कवा आलास रं?

धर्मराज: जयभीम मावशी. आत्ताच आलो. कसली दोरी म्हणालात?

अक्काताई: दोरी? दोरी न्हवं रं. मी आपली... शेवंताक्का, मी दुपारी येते हां.

धर्मराज: बसा मावशी. ते गठुळं खाली ठेवा. ओल्या कापडांचं दिसतंय.

अक्काताई: आता बगितलंयसच तर सांगते बाबा, खोटं कशाला बोलू. हितं पाऊस कसा हाय तुला म्हाईत हाय. आठ-आठ दिस कापड वाळत न्हाई, घातलं तर कुबट वास मारतंय. तुज्या आईची ही खोली तेवढी कोरडी. म्हनून आमी हितं, त्या वरच्या आढ्याखाली, दोऱ्या बांदल्या. सगळ्या गल्लीची कापडं हितंच वाळतात. पोरांच्या शाळंच्या खाकी चड्ड्या, पोरींचे निळे झगे, नागुबाईच्या नातवाच्या लंगोट्या. मशीन कसलं गुनाचं रं! पर गेल्या हप्त्यात लई हाल झालं बग. फनसाचं झाड पडलं तारंवर. मंगळवारधरनं शुक्रवारपातूर गावात करंट न्हाई. वायरमन मष्णू बिचारा गुडगाभर चिखलात हुबा...

धर्मराज: कवापासनं म्हणालात?

अक्काताई: मंगळवारधरनं. पिटाची गिरन बी बंद. तीन दिस नुसता भात खाल्ला आमी.

धर्मराज: आये, वही. मंगळवार, दोन रेघा. बुधवार, दोन रेघा. गुरुवार, तीन. करंट न्हाई आणि मशीननं सात टाक्या पाणी दिलं. हे मस्कतला बी जमलं नसतं गं.

शेवंताबाई: दे ती वही हिकडं.

धर्मराज: बरं, गुरुवारी तीन का?

शेवंताबाई: गुरवारी पाऊस लई हुता.

अक्काताई: मला हसाय येतंय, मी त्वांड तिकडं करते.

धर्मराज: खरं सांग. पाणी कवापासनं बंद हाय?

शेवंताबाई: झालं की धा-बारा दिस. पयल्यांदा एक टाकी, मग अर्दी, मग टाकीचा तळ बी भिजंना. घुर्रघुर्र तेवढं करायचं. म्हनलं, लेकाला कळलं तर ट्रंक घिऊन येतोय. आलासच की.

धर्मराज: आणि त्या ओल्या कापडांच्या मधी झोपत हुतीस?

शेवंताबाई: कापडं काढूनच झोपत हुते. बऱ्याचदा.

धर्मराज: बऱ्याचदा! आये, तुला कळतंय का? आप्पा ह्याच खोलीत गेले, असल्याच पावसात.

शेवंताबाई: मला न कळाय काय झालं? मीच हुते उशाला.

धर्मराज: मी न्हवतो.

अक्काताई: मी जाळी धुऊन आनते. कशी धुवायची तेवढं सांग. राख लावू का?

धर्मराज: राख नको, घासणी बी नको, चिरंल. कोमट पाण्यात थोडी साबणाची पावडर टाका आणि ह्या मऊ ब्रशनं हलक्या हातानं. टाकी बी घ्या. आत बुळबुळीत झालीया. तिला लिंबू चोळा.

अक्काताई: आन तुमी दोगं भांडू नगासा. तिचा काय बी गुन्हा न्हाई, दोऱ्या आमीच बांदल्यात.

धर्मराज: आये, एक सांगू? हे मशीन तुझ्यासाठी न्हवतंच घेतलं मी.

शेवंताबाई: म्हाईत हाय.

धर्मराज: कसं?

शेवंताबाई: खोक्यावर आदी सत्याप्पा लिवलंतंस. मग खोडून शेवंता केलंस. खोडल्यालं बी वाचाय येतंय मला. रातच्या शाळंत चार वर्सं उगंच न्हाई गेले.

धर्मराज: आप्पांचं पत्र आलतं, दम लागतोय म्हणून. मी म्हणलो, पुढच्या म्हयन्यात कुणीतरी गावाकडं निघंल, त्याच्याबरोबर पाठवतो. मग परत पुढच्या म्हयन्यात. तार हातात पडली तवा आप्पांना जाऊन चार दिस झालते. खोकं तसंच खोलीत हुतं माझ्या. लई अपराधी वाटतंय गं. अजून वाटतंय.

शेवंताबाई: धर्मा, हिकडं बग. वीस वर्सं लाकडाच्या मिलमधला भुसा गेला तेंच्या छातीत. त्यो काय ह्या डब्यानं काढला आसता? तुज्यावर बोल न्हवता तेंचा. शेवटच्या दिशी बी म्हनले, पोराला कळवू नगा, परमुलकात घाबरं हुईल. एवढी माया हुती. आन तू ही टोचनी घिऊन बसलायस?

धर्मराज: म्हणून तुला न्यायला आलोय.

शेवंताबाई: व्हय. आप्पाला वाचवायचं ऱ्हायलं म्हनून मला ट्रंकत भरतुयास.

धर्मराज: असं नको बोलूस.

शेवंताबाई: मग कसं बोलू? सून गुनाची हाय, काय बी म्हनायचं न्हाई मला. पर हात लावू दिती का कशाला? आई तुमी बसा, आई तुमी बसा. बसून बसून मानसाचं लोनचं हुतंय बाबा. आन हितं? वरच्या आळीची नागुबाई. तिच्या सासूच्या आडावर मी घागर घिऊन लांब हुबी ऱ्हायचे. कुनाला दया आली तर वरनं वतायची. तू पोटात हुतास तवा. आज तीच नागुबाई नातवाच्या लंगोट्या माज्या घरात वाळत घालती. हितं खाली बसती. माज्या हातचा च्या पिती आन वर म्हनती, साकर कमी झाली शेवंताबाई. ही खोली सोडून मी खासबागंत काय बगू? तुज्या घरातला पंखा?

धर्मराज: हे कवा बोलली न्हाईस.

शेवंताबाई: तू कवा बसलायस? येतोस, टाकी बगतोस, जातोस.

अक्काताई: झाली जाळी! बग धर्मा, पल्याडचं दिसतंय. आता चुलीवर धरू का वाळवाय?

धर्मराज: नको नको, वितळंल! सावलीत वाळवायची असती.

अक्काताई: सावली? आरं, आषाढात समदं खानापूरच सावलीत हाय. चार दिस लागतील.

शेवंताबाई: आन हिकडं. ह्या जुन्या धोतराच्या घडीत घाल. आता वरनं दाब. पापडाचं कापूड दाबतोय तसं. आता दुसरी घडी. झालं का न्हाई कोरडं?

धर्मराज: झालं की! हे आमच्या मस्कतच्या कंपनीत कुणाला सुचलं नसतं. बरफ बी वितळलं तंवर. आता ह्या नळ्यांवरनं ब्रश वरनं खाली फिरवायचा. आडवा न्हाई. बघतीयास न्हवं?

शेवंताबाई: दे, मी करते. चित्रात बगून कळत न्हवतं. हातानं कळतंय.

धर्मराज: आता ऐका दोघी. दोऱ्या ह्या खोलीत न्हाईत, बाहेरच्या सोप्यात बांधायच्या. दुपारी चारपातूर मशीन सोप्यात, दार लावून, गल्लीचं काम. चारनंतर मशीन हितं, आणि हितं एक लंगोटी बी नको. कापड चांगलं पिळून आणायचं, पाणी गळणारं न्हाई. कवर बंद असतानाच घालायचं. आणि जाळी दर आयतवारी.

अक्काताई: जाळीच्या आमी पाळ्या लावतो. हा आयतवार माजा झाला. फुडचा नागुबाईचा. तिला मी सांगते, बगूया कशी न्हाई म्हनती!

शेवंताबाई: आन ट्रंक?

धर्मराज: ...ट्रंक ठेवून जातो. वाळल्याली कापडं ठेवा तिच्यात. परत ओल धरायला नकोत.

शेवंताबाई: खरंच?

धर्मराज: खरंच गं. लाव ती वायर. आता गप्प बसा जरा.

अक्काताई: काय ऐकू येतंय?

शेवंताबाई: टप झालं. आयकलं का? परत झालं बग!

अक्काताई: मी जाते, नागुबाईच्या सुनंला सांगते. लेकरू उगडंच हाय सकाळधरनं.

धर्मराज: आये, वही दे. आजचं लिहू. अजून टाकीचा तळ झाकलाय तेवढाच.

शेवंताबाई: मग बारकी रेघ मार. पर खरी हाय हां ही.

धर्मराज: मारली. आणि काय लिहू?

शेवंताबाई: बाजूला आनि एक रकाना आख. त्यात खोकला लिव. राती पाच येळा. पाटंला दोनदा.

धर्मराज: सात येळा? अगं, मग इतके दिस मला सांगितलं का न्हाईस?

शेवंताबाई: तू टाकीचंच इचारत हुतास, बाळा.