बाजेचा दोरा

— न्हाय, त्या दोऱ्याला हात लावू नको बाळ. बाजेवर बस खुशाल, दोरा तेवढा राहू दे. खोली बघितलीस ना? दारात जरा वाकावं लागतं, दोरा आडवा जातो म्हणून — एरवी खोली झकास हाय, वारा येतो, नळाला एक दिवसाआड पाणी येतं. आलं तर. सरांनी धाडलं म्हनलीस. पहिल्या वर्षाला हायस? न् तोच विषय, बोलायचा न् कळवायचा — काय म्हणता त्याला? — व्हय, संज्ञापन. माझ्या जिभेवर बसत न्हाय तो शब्द. बोलायला शिकवायचंबी कालेज निघालं म्हणून मी लई हसले होते, मुक्तानं सांगितलं तवा. मुक्ता म्हणजे तुझ्याआधी ह्या खोलीत होती ती पोरगी, ईट गावची. आत भिंतीला खिळा दिसला का? तिथं तिचा बाबासाहेबांचा फोटो होता. लुगड्यात गुंडाळून आणला होता, जाताना तसाच घेऊन गेली. खिळा राहिला.

हे घर तवा लई गप होतं. आमचे हे — चाँदपाशा नाव त्यांचं — विहिरीत सुरुंग लावायचे. बहात्तरच्या दुष्काळात सोसायटीच्या विहिरी निघाल्या गावोगाव, माकणीपासून ईटपतूर, तवा ह्यांना घरी येऊन पाठ टेकायला सवड न्हवती. खडक फोडता फोडता कान गेले. आधी एक, मग दुसरा. आता बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज कळत न्हाय, तो वरडूनच बोलणार — तर हाटेलात लोक हसायचे, गल्लीतली पोरं नक्कल करायची. एक दिवस हे घरी आले न् बोलायचंच सोडलं. माझ्याशीबी. तुला वाटंल भांडण झालं असंल. भांडायला तरी दोघांनी बोलावं लागतंय की. ते ह्या बाजेवर, मी आत चुलीपाशी, मधी ही भिंत. ताट आणून ठेवायचं, ताट उचलून न्यायचं. म्हणून तर भाडेकरू ठेवला. भाड्याचं आपलं निमित्त गं — कुणीतरी 'खाला, मीठ कमी झालं' असं म्हणायला पाहिजे होतं मला.

तर तुमच्या सरांनी वर्गात सांगितलं म्हणं — जिथं राहता तिथली एक अडचण शोधा, न् पैसा न लावता, डोकं लावून सोडवा. तुलाबी सांगितलं असंल. नसंल तर सांगतील. मुक्ताला काय, अडचण समोरच बसलेली. तिनं कुठनं तरी बैलाच्या गळ्यातली घंटी आणली न् बाजेला बांधली — काय लागलं तर चाचांनी वाजवायची. आता ह्यांना कुठं कळतंय वाजली का न्हाय वाजली? मग हलवतच बसले, जोरजोरात. गल्लीतली पोरं वाट्या घेऊन दारात, कुल्फीवाला आला म्हणून. मला हसावं का रडावं कळंना. मुक्ता रडकुंडीला आली, तशीच सरांकडं गेली. सर हसले न्हाईत म्हणं. एवढंच म्हनले, अडचण नेमकी कुणाची हाय, परत जाऊन बघ.

मग ती नुसती बघायला लागली. इथं उंबऱ्यावर बसायची, मांडीवर पुस्तक, पण डोळे आमच्याकडं. मला तर वाटलं हिला घरची आठवण येतीय. न् एक दिवस आत आली न् म्हनली, "खाला, चाचांना ऐकू येत न्हाय ही अडचण न्हायच. तुमी आत हाय का न्हाय, हे त्यांना कळत न्हाय." माझ्या हातातली पळी हातातच राहिली. कारण हे काय करायचे — घडीघडीला उठून चुलीच्या खोलीच्या दारापतूर यायचे, डोकवायचे, परत जायचे. मला वाटायचं, भाकरी झाली का बघतात. इतकी वर्षं मला वाटायचं, भुकेला माणूस हाय.

हा दोरा गोधडीचा हाय, पक्का. एक टोक बाजेला, मग खोलीच्या दारावरनं, खिडकीच्या गजातनं आत, न् दुसरं टोक माझ्या मनगटाला. मुक्तानं ठरवलं होतं, चहाला एवढे हिसके, पाण्याला एवढे. ह्यांनी तिचं काय ऐकलंच न्हाय. ऐकणार कुठनं म्हणा. दोरा हातात धरून बसले बराच वेळ, मग एक हिसका दिला न् हसले. न् बोलले गं. "हे विहिरीतलंच हाय की." विहिरीत उतरलेल्या माणसाच्या कमरेला दोर असतो, वरचा माणूस तो धरून बसतो. खालनं एक हिसका म्हणजे, हायस का? वरनं दोन म्हणजे, हाय. खालनं तीन म्हणजे, वर ओढ. झालं, तवापासनं दिवसभर तेच. पीठ मळतीय — एक हिसका. मी दोन द्यायचे. चहा नको, पाणी नको, काय नको. उठून डोकवायचं बंद झालं. आमच्या निकाहाला तीस वर्षं व्हत आली होती, त्यात एवढं बोलणं झालं न्हवतं.

मुक्तानं हे सगळं लिहून वर्गात वाचलं, टाळ्या पडल्या. आमी दोघं तिचा अभ्यास होतो, हे मला तवा कळलं. लागलं जरा मनाला. मग म्या म्हनलं, असू दे, अभ्यास तर अभ्यास. पहिलं वर्ष संपलं, ती औरंगाबादला गेली. एका ईदला आली होती, शीरखुर्मा खाल्ला, ह्यांच्याजवळ बसून दोऱ्यानं बोलली. मग न्हाय आली.

थांब, चहा ठेवते. उठू नको, मी आतनं बोलते, ऐकू येतं तुला. — हे गेल्या उन्हाळ्यात गेले. दुपार होती, मी भाकरी थापत होते. तीन हिसके आले. कधी आले न्हवते तीन. मी कुठनं ओढणार वर, सांग. पिठाच्या हातानंच आले न् हात धरून बसले. त्यांच्या बोटाला दोन हिसके देत होते, देतच होते — जाऊ दे. साखर किती घालू? — मागं एक मास्तरीण आली होती खोली बघायला, म्हनली आधी हा दोरा काढा. तिला न्हाय म्हनलं. तिच्याआधीच्या बाईलाबी न्हाय म्हनलं. पण तू बरी वाटतीस, इतका वेळ ऐकलंस. तू राहायला आलीस तर काढीन मी दोरा, खरंच काढीन. बांगड्या गेल्या, हा तेवढा राहिला. आताबी हाय मनगटाला. आत आले की बांधते, सवय. — का गं, गप झालीस? कंटाळलीस का? हायस ना तिथं —

…

एक हिसका… हाय. हाय की मी. इथंच हाय —

…

तू ओढलास व्हय.

न्हाय, रागावले न्हाय. तुझं काय चुकलं न्हाय बाळ. तो दोरा ठेव खाली. ठेव. हा चहा घे, गरम हाय तवर पी, न् जा. न्हाय, उद्याबी येऊ नको. खोली द्यायची न्हाय. सरांना सांग, त्या घरात माणूस हाय.