कावीळ सोसायटीला, डाग दह्याला

हॅलो?… हो, अंजली डेअरीच. कोण?… अगं वैष्णवी! एवढ्या दिवसांनी नंबर सापडला का माझा?… नाही गं, चिडू कशाला? तुमची अख्खी सोसायटी माझ्या दुकानावरून मान खाली घालून मॉलकडे जाते, मी बघत बसते. करमणूक होते माझी!

ते राहू दे. सासूबाईंचं सांग आधी. मालनकाकूंना घरी आणलं ना?… बरं झालं. डोळे अजून पिवळे?… उतरेल, उतरेल. वेळ लागतो काविळीला.

काय?… ‘मनात ठेवू नकोस’ म्हणे! ग्रुपवर कुणी लिहिलं होतं, ‘डेअरीतलं सुटं दही बंद करा, कावीळ तिथूनच आली’?… काळजीपोटी? अगं ऐक ना… तू ऐक आधी! पाण्याचा रिपोर्ट आला ना? पाइपात गटाराचं पाणी शिरत होतं, तुमच्याच गेटपाशी खणून दाखवलं. मग ते का नाही लिहिलंस?… विषय संपला? तुमचा संपला! माझे निम्मे रतीब तुटले. सहादूदादा दिंडोरीहून रोज कॅन आणतात. त्यांच्या म्हशींना काय सांगू, रजा घ्या?

हो, हो… पॅकबंद. तारीख छापलेली. कळलं. आणि कोरोनात गं?… तेव्हा त्याच पिशव्या बाथरूममध्ये साबणानं धूत होतात! फॅक्टरीत कुणाकुणाचे हात लागले असतील… तूच म्हणालीस, ‘अंजली, तुझं डोळ्यांसमोरचं दूध बरं.’ आमचे हे मास्क लावून गेटवर कॅन ठेवून यायचे. तेव्हा सुटं दूध चाललं, आता तेच विष? रोग बदलला की माणसंही बदलतात का गं?

… वैष्णवी? रडतेस?… अगं काय झालं?… जेवतच नाहीत? काहीच नाही?… मग ताक दे. डॉक्टर काय म्हणाले, चालेल ना?… हं. मग घुसळ की तुझं ते तारीखवालं… थुंकून टाकलं?… काय म्हणाल्या काकू?… ‘अंजलीकडचं आण’?

… अगं बाई, मग एवढा वेळ काय पाल्हाळ लावलंस! सकाळचंच दही आहे, छान लागलंय, गोड आहे. ये, घेऊन जा… काय?… परत बोल… पार्किंगच्या मागच्या दाराशी? काळ्या पिशवीत?… कोण बघेल?… हां! ग्रुपवर बंद करायला सांगितलं, आणि आता आपल्याच घरात… म्हणजे दही हवं, अंजली दिसायला नको!

मी काय गावठी दारू विकते, काळ्या पिशवीत घालून द्यायला?… नाही, मुळीच हळू बोलणार नाही. दुकान माझं आहे! ऐक, मी स्वतः आणते. आत्ता. समोरच्या गेटनं, वॉचमनच्या पुढून, बाकावर बायका बसल्यात ना, त्यांच्याही पुढून. विचारलं कुणी तर सांगेन, मालनकाकूंनी मागवलंय… का नको?… त्यापेक्षा राहू दे? अगं, म्हातारं माणूस उपाशी राहिलं तरी चालेल, पण तुझं…

हॅलो?… हॅलो!

ठेवला बाईनं.

अहो, गल्ल्यावर बसा जरा. मी वैष्णवीकडे जाऊन येते… असू दे, तिनं दार नाही उघडलं तर काकू उघडतील.