आईची खोली रिकामी करताना

जरा जवळ सरका, माउलींनो. दातांच्या दवाखान्यात शेजारी बसलेल्या बहीणभावाचं बोलणं कानी पडलं, तेवढंच सांगतो. बहीण रसायनशास्त्रज्ञ, भाऊ थोरला.

"रविवारी आईची खोली रिकामी करतो. ती गेल्यापासून बाबा दिवसभर तिथेच बसून असतात."

"दादा, एकदम नको."

"आता तूच शिकव मला!"

"ऐक तर. आमच्या प्रयोगशाळेतले स्फटिक आपले आपण रचले जातात. आत बारीक पोकळ्या, त्यांत द्रव भरलेला. मी तो घाईने ओढून काढला, तर स्फटिकाची अख्खी चौकटच कोसळली. हाती उरली भुकटी."

"मग काढायचा कसा?"

"आधी दुसरा, हलका द्रव आत मुरू द्यायचा. जुना हळूहळू बाहेर येतो. मग हलका उडून गेला तरी चौकट उभी राहते."

"अगं शहाणे, बाबा म्हणजे तुझी बाटली नव्हे."

"सामान राहू दे. काही दिवस तू झोपायला जा त्या खोलीत, बाबांजवळ."

"मी घोरतो."

"आईही घोरायची."

"रविवारच्या टेम्पोवाल्याला नको म्हणून कळवतो."

तेवढ्यात त्यांचा नंबर लागला. माउलींनो, आज हात जोडाल तेव्हा त्या बाबांची आठवण असू द्या.