औषधाविना सोडलेला पट्टा

आधीच स्पष्ट करते, रामफलने त्या पट्ट्यावर काही टाकलेलं मी पाहिलेलं नाही. गुडगावात शेतं जाऊन नुकत्याच झालेल्या गोल्फ कोर्सवर मी गवताच्या रोगांची तज्ज्ञ होते आणि रामफल हेडमाळी. त्या दमट पावसाळ्यात सातव्या होलभोवतीची हिरवळ बुरशीने तपकिरी पडू लागली. मालकांनी बजावलं, "टूर्नामेंट तक हरी नहीं हुई, तो रामफल की छुट्टी."

मी बुरशीनाशक फवारलं. औषधाचा गुण पडताळता यावा म्हणून मधला एक पट्टा मात्र मुद्दाम सोडला.

रामफल हवालदिल झाला. "मॅडमजी, इम्तिहान आपका और नौकरी मेरी?"

"रामफलजी, उस पट्टी को हाथ नहीं लगाना है."

आठव्या दिवशी पाहते तो फवारलेला सगळा भाग तपकिरीच, आणि तेवढा पट्टा हिरवागार.

"क्या डाला?"

"कुछ नहीं. आपने मना किया था ना."

मी तीनदा विचारलं, तीनदा हेच उत्तर. शेवटी म्हटलं, "तो बाकी जगह भी यही 'कुछ नहीं' डाल दीजिए."

स्पर्धेपर्यंत सगळी हिरवळ सावरली आणि रामफलची नोकरी टिकली. माझ्या अहवालातला औषधाच्या नावाचा रकाना मात्र अजून कोराच आहे.