सतरा नंबरचा गोळा

मास्तर: बावीस नंबर तिथं टाकू नकोस. गाळात जाईल.

नकाशेवाली: तिथं उतार फक्त चार अंशांचा दिसतोय, मास्तर.

मास्तर: तुला दिसतोय, इथं टेबलावर बसून. बाजूला ही घळ आहे ना, तिच्या काठचा गाळ दरवर्षी घसरतो. नऊ वर्षांपूर्वी तिथं समुद्राच्या तळाशी एक काचेचा गोळा टाकला होता. परत बोलावला तर नुसतं उत्तर देत राहिला, आहे मी, आहे मी. वर यायला खालचं वजन त्यानं सोडलं, पण गाळानं त्याला सोडलं नाही. अजून तिथंच आहे. दोन किलोमीटर पूर्वेला घे.

नकाशेवाली: घेतला. आणि एकतीस?

मास्तर: एकतीसवर जाळी ओढणाऱ्या बोटी फिरतात. आणखी खोलात घे, तिथवर त्यांची जाळी पोचत नाहीत. आणि हे सगळे बारा-बारा किलोमीटरवर का मांडलेस? शाळेतली बाकं आहेत का?

नकाशेवाली: चाळीस गोळे, पावणेपाचशे किलोमीटरची रेषा. भागाकार केला.

मास्तर: भागाकार यंत्रही करतं. हा खण ओढ बघू.

नकाशेवाली: अडकलाय.

मास्तर: बावीस वर्षं अडकतोय. पाहुणे आले की मोठ्या मॅडम त्यांना तासभर चित्रं दाखवतात. समुद्राचा तळ किनाऱ्याखाली कसा शिरतो, कुठं गुपचूप सरकतो, कुठं चिकटून बसतो. मी त्यांना फक्त हा खण ओढायला लावतो. ओढत राहायचं, ओढत राहायचं, आणि सुटला की कपाळात, भूकंप तसाच होतो. आपल्याला तळ कुठं चिकटायला लागतो, ती कड ऐकायचीय. जहाज हवेच्या तोफा उडवत जाणार, आवाज खाली जाणार, वेगवेगळ्या थरांवर आपटून येणार, आणि आपले गोळे तळाशी बसून ऐकणार. मग कान कुठं हवेत? कडेवर. दहा ते चोवीस दाट मांड, पाच-पाच किलोमीटरवर. बाकीचे लांब लांब असले तरी चालतील.

नकाशेवाली: दहा ते चोवीस. थांबा, खोडते आणि पुन्हा लिहिते.

मास्तर: लिही. आणि जहाजावर झोपायला माझी खालची फळी लिहिलीस ना यादीत? वरच्या फळीवर चढणं होत नाही आता. गेल्या खेपेला उतरताना स्वयंपाक्याच्या पोटावर पाय पडला, पुढे चार दिवस मला गार चहा मिळाला.

नकाशेवाली: आधी नकाशा पुरा करू.

मास्तर: करू की. पण घड्याळाकडे तिसऱ्यांदा बघितलंस.

नकाशेवाली: पाचपर्यंत पाठवायचंय सगळं. नकाशा, आणि जहाजावर जाणाऱ्यांची यादी.

मास्तर: तुझं नाव आहे का त्यात?

नकाशेवाली: हो.

मास्तर: असायलाच पाहिजे. बाळाला कोण बघणार चाळीस दिवस?

नकाशेवाली: सासूबाई.

मास्तर: त्या हो म्हणाल्या?

नकाशेवाली: नाही म्हणाल्या नाहीत.

मास्तर: म्हणजे जन्मभर ऐकवायचं ठरवलंय त्यांनी. ऐकून घे. बरं, जागा एकवीसच ना? गेल्या खेपेलाही एकवीसच होत्या, आणि सगळ्या भरल्या होत्या. तू कोणाच्या जागी?

नकाशेवाली: छत्तीस आणि सदतीसचं राहिलंय, मास्तर. ते दोन्ही एवढ्या उथळ पाण्यात चालतील का?

मास्तर: चालतील. कोणाच्या जागी चाललीयस, पोरी?

नकाशेवाली: तुमच्या.

(मास्तर हातातली पेन्सिल नकाशावर ठेवतात. ती घरंगळत टेबलावरून खाली पडते. कोणी उचलत नाही.)

मास्तर: हे तुला आज कळलं?

नकाशेवाली: सोमवारी.

मास्तर: आज गुरुवार. म्हणजे सकाळी साडेदहापासून बावीस कुठं, एकतीस कुठं, दाट कुठं, विरळ कुठं, हे तू मला विचारत बसलीस, तेव्हा तुला माहीत होतं.

नकाशेवाली: मॅडम म्हणाल्या, आधी गोळ्यांच्या जागा काढून घे, मग सांग. त्या म्हणाल्या, मास्तर दुखावले की तोंड मिटून बसतील आणि रेषा अर्धवट राहील.

मास्तर: दात काढतात तसं. भूल चांगली दिलीस हो. दोनदा चहा आणलास, आल्याचा.

नकाशेवाली: मला हे आवडलंय असं वाटतं का तुम्हाला? जहाज देणाऱ्या समितीनं विचारलंय, गेल्या खेपेला सतरा नंबर का फुटला आणि त्यासाठी कोणाला बाजूला केलं. त्यांना एक नाव हवंय. मॅडम म्हणाल्या, नाव नाही तर जहाज नाही. आणि सतराच्या पानावर रजिस्टरमध्ये सही तुमची आहे.

मास्तर: तीन महिन्यांत मी निवृत्त होणार. समितीला फुकटात सापडलो.

नकाशेवाली: एक कागद आहे. सही लागेल त्यावर.

मास्तर: वाच.

नकाशेवाली: तुम्हीच वाचा ना.

मास्तर: चष्मा कुठं ठेवलाय आठवत नाही. वाच तू, मोठ्यानं.

नकाशेवाली: "चाचणी मोहिमेतील उपकरण क्रमांक सतरा हे चार हजार आठशे मीटर खोलीवर फुटले. काचगोळ्याचे दोन अर्धे भाग जोडताना सांध्यावर बाह्य कण राहिल्याने हे घडले असावे. सदर जोडणी अकरा तारखेस दुपारी तीन वाजता मी केली. वयोमानाने अधू झालेल्या दृष्टीमुळे माझ्याकडून सांधा नीट तपासला गेला नाही, हे मी मान्य करतो."

मास्तर: शेवटचं पुन्हा.

नकाशेवाली: "वयोमानाने अधू झालेल्या दृष्टीमुळे..."

मास्तर: भाषा चांगली आहे. कोणाची?

नकाशेवाली: माझी. मॅडमनी निष्काळजीपणा लिहायला सांगितलं होतं. मी ते बदलून दृष्टी केलं.

मास्तर: उपकार झाले. आळशी म्हणवून घेण्यापेक्षा आंधळा बरा. आता मला एक सांग. अकरा तारखेला दुपारी तीन वाजता मी कुठं होतो?

नकाशेवाली: रजिस्टरमध्ये लिहिलंय.

मास्तर: रजिस्टर मीच लिहिलंय. तुला विचारतोय.

नकाशेवाली: सामानाच्या खोलीबाहेर.

मास्तर: आणि आत?

नकाशेवाली: मी.

मास्तर: काय करत होतीस?

नकाशेवाली: तुम्हाला माहितीये.

मास्तर: समितीला माहीत नाही.

नकाशेवाली: दूध काढत होते.

मास्तर: बाळ पाच महिन्यांचं होतं. खोलीला आतून कडी नाही, म्हणून मी बाहेर स्टूल टाकून बसलो, वेल्डर घुसला असता नाहीतर. वीस मिनिटं बसलो. आणि आत जायच्या आधी सतराचे दोन अर्धे एकमेकांवर कोणी बसवले?

नकाशेवाली: कपडे भिजले होते माझे. समोर वेल्डर, रंगारी, सगळे. मी सांधा पुसला, बसवला, पट्टी फिरवली आणि पळाले. रजिस्टर तुम्ही भरलंत, मास्तर. मी तुम्हाला भरा म्हटलं नव्हतं.

मास्तर: नव्हतंस. ते खरं आहे. आणि हा बाह्य कण कसला म्हणे?

नकाशेवाली: धूळ असेल. मला काय माहीत?

मास्तर: मला माहितीये. केस.

नकाशेवाली: कोणाचा?

मास्तर: दुसऱ्या दिवशी मी अठरा उघडला. तोही तूच बंद केला होतास. सांध्यावर एक लांब केस, इथून इथपर्यंत. मग एकोणीस उघडला, त्यातही. बाळंतपणानंतर गळतात, आमच्या सुनेचे इतके गळायचे की मोरी तुंबायची. दोन्ही गोळे पुसून मी पुन्हा बसवले. काचेवर काच बसते तिथं केसाएवढी फट राहिली आणि वर पाच किलोमीटर पाणी आलं, की काय होतं ते सोळाच्या नोंदीत आहे. एकच ठोका. मी तो पुष्कळदा ऐकलाय.

नकाशेवाली: आणि सतरा का नाही उघडलात?

मास्तर: तो पेटीत बंद होऊन जहाजावर चढला होता. उतरवायचा तर मॅडमना कारण सांगावं लागलं असतं.

नकाशेवाली: म्हणजे तुम्हाला माहीत होतं.

मास्तर: शंका होती.

नकाशेवाली: माहीत होतं, आणि तरी तुम्ही तो पाण्यात सोडलात.

मास्तर: तुझी नोकरी तात्पुरती होती. महिनाभर झाला होता रजेवरून येऊन. पहिल्याच गोळ्यात केस सापडला असता तर मॅडमनी तुला परत घरी बसवलं असतं. मला वाटलं, दहांतला एखादा केस काच दाबून टाकते, हाही टाकला तर टाकला. तेवढी एक आशा धरली.

नकाशेवाली: माझ्यासाठी धरा म्हणून मी सांगितलं होतं का? मला विचारलं असतंत तर मी स्वतः जहाजावर जाऊन पेटी उघडली असती. सोळापर्यंत सगळं दिसतं, अठरापासून सगळं दिसतं, आणि नेमकी जिथं कड आहे तिथं भोक. सात महिने मी त्या भोकात डोकं घालून बसलेय. नुसता केस पडला असता तर माझी चूक म्हटली असती मी. पण माहीत असून सोडला, मग ती तुमची.

मास्तर: बरं सुचलं.

नकाशेवाली: सुचलं नाही. तसंच आहे ते.

मास्तर: सोमवारपासून शोधत होतीस ना, कुठून तरी माझी एखादी चूक निघते का. मीच काढून दिली. आता झोप लागेल तुला.

नकाशेवाली: असं बोलू नका.

मास्तर: अजून पाऊण तास आहे पाच वाजायला. मॅडम वरच बसल्यात. जिना चढून एक वाक्य सांगायचं, सतरा मी बंद केला. मग काय होईल?

नकाशेवाली: तुम्ही जाल. मी घरी. महिनाअखेरीला करार संपतो, तो पुढे वाढणार नाही.

मास्तर: आणि रेषा?

नकाशेवाली: रेषा इथंच राहील. पण तिच्यावर माझं नाव राहणार नाही. माझी बॅग भरून झालीय, मास्तर.

मास्तर: माझीही भरलीय. दोन मोजे जास्त घेतलेत या खेपेला. फोन वाजतोय तुझा.

नकाशेवाली: सासूबाई. एक मिनिट. हं, बोला आई. किती आहे ताप? मग औषध द्या, टोपणाच्या खालच्या रेघेपर्यंत, त्याच्या वर नाही. मघाशी दिलंत ते कितीला? मग अजून तासभर थांबा. नाही, थुंकलं तरी पुन्हा नका देऊ, लगेच पुन्हा द्यायचं नसतं ते. हो, सहापर्यंत येते. काय? हो. हो आई, ठरलं ते. मीच जातेय.

मास्तर: ठरलं?

नकाशेवाली: ताप आलाय त्याला. त्यांना काहीतरी सांगायला हवं होतं.

मास्तर: मग औषधाचं सांगून झालं होतं की. पेन दे.

नकाशेवाली: मास्तर, तुम्ही नाही म्हटलंत तर मी काही करू शकणार नाही. जबरदस्ती नाही.

मास्तर: मी नाही म्हणावं अशी इच्छा आहे का तुझी?

नकाशेवाली: नाही.

मास्तर: तेवढं तरी सरळ बोललीस. कुठं करायची? इथं?

नकाशेवाली: त्याच्या खाली. तारीखही घाला.

मास्तर: चष्मा नाही, वाकडी आलीय. बरंच झालं, समितीला पटेल.

नकाशेवाली: मास्तर, ते छत्तीस आणि सदतीस...

मास्तर: चालतील म्हटलं ना. फक्त त्यांची वजनं जड लाव, उथळ पाण्यात लाटांनी तळ हलतो. सतरा कुठं ठेवलास?

नकाशेवाली: फुटला तिथंच.

मास्तर: बरोबर. तिथून हलवू नकोस, कोणी काहीही म्हटलं तरी. चाळीस गोळे आता कोण बंद करणार?

नकाशेवाली: मी. दुसरं कोणी नाहीच.

मास्तर: केस गळायचे थांबले?

नकाशेवाली: कमी झालेत.

मास्तर: खुंटीवर माझी टोपी आहे. कापडी, कानाखालपर्यंत येते ती. घेऊन जा.

नकाशेवाली: नको, मास्तर. आता तुमची वस्तू घेणं मला जमायचं नाही.

मास्तर: तुझ्यासाठी नाही गं. गोळ्यांसाठी.