जाळरेषेवरचा झाडू

सांगणार: सुनंदाबाई, वणवा-राखणदार, मुलुंड

माझं माहेर कणकवलीच्या पुढे, आत, डोंगराच्या कुशीत. गावाचं नाव सांगितलं तरी तुम्हाला कळणार नाय, एसटी पण दिवसाला दोनदाच यायची. आम्ही पाच भावंडं, मी मधली, म्हणजे लाडाला कोण नाय आणि कामाला पहिली. आमच्याकडे भाताची रोपं करायच्या आधी भाजावळ करतात. म्हणजे काय, तर तोडलेल्या फांद्या, पातेरा, म्हणजे सुकलेली पानं हो, वर थोडं शेण, असं सगळं वाफ्यावर पसरायचं आणि जाळायचं. ते काम बायकांचं. आई माझी सांगायची, बाय, आधी वारो बघ, मगे काडी ओढ. वारा जिकडे चाललाय त्या टोकाला आग लावायची, म्हणजे तिला वाऱ्याच्या तोंडावर यावं लागतं, मग ती पळत नाय, चालते. हळूहळू चालते आणि जमीन नीट भाजते. लहानपणापासून केलेलं, त्यामुळे मला वाटायचं आगीचं आपल्याला सगळं कळतं. तेच नडलं.

विसाव्या वर्षी लग्न करून मुंबईत आले. सासरे गिरणीत होते, गिरणी गेली, मग ते घरीच. आमचे हे जंगलात वनमजूर, रोजंदारीवर. लोक विचारायचे, मुंबईत कसलं गो जंगल? आता काय सांगू तुम्हाला, घर मुलुंडला, डोंगराच्या पायथ्याशी, वस्तीतलं सगळ्यात शेवटचं, मागचं दार उघडलं की जंगलच. तुम्ही आता ज्या रस्त्याने आलात ना, टॉवर-टॉवर दिसले ते, तिथे तेव्हा माणसाच्या छातीएवढं गवत. मला तर बरं वाटलं, म्हटलं माहेरीच आले.

पहिलाच उन्हाळा. मार्च असेल नाय तर एप्रिल, साग सगळा झडलेला, पायाखाली पाना-पानांचा कुरकुर आवाज. आमच्याकडे तेव्हा गॅस नव्हता, आंघोळीचं पाणी चुलीवर. गावाला आम्ही राख माडाच्या मुळात टाकतो. इथे माड कुठला, मी आपली राखेचं घमेलं उचललं आणि मागच्या दाराने नेऊन ओतलं. वरून राख थंडगार, आत निखारा. दुपारी भाकऱ्या थापत होते तर चर्रर्र चर्रर्र ऐकू आलं, आधी वाटलं तेल तापलंय, पण तेल तर ठेवलंच नव्हतं. दार उघडते तर काय. एक बादली ओतली मी, एकच, तोपर्यंत आग चढणीला लागली होती. चढावर आग कशी जाते माहीत आहे का, माणूस धापा टाकतो आणि ती आणखी जोर धरते. मग मी काय केलं? ओरडले नाय, कोणाला हाक मारली नाय. दार लावून घेतलं. आत येऊन उरलेल्या भाकऱ्या थापल्या मी.

दोन दिवस डोंगर जळला. हे आणि यांच्याबरोबरची माणसं ओल्या डहाळ्या घेऊन झोडपत होती, दुसरं काय होतं त्यांच्याकडे. दुसऱ्या दिवशी यांना दोघांनी उचलून आणलं. पायात साध्या रबराच्या चपला, त्या वितळून तळपायाला चिकटलेल्या. सव्वा महिना खाटेवर. मी रोज पाय धुवायचे, मलम लावायचे, आणि हे वर बघत म्हणायचे, कोणी लावली असेल गो? कोणी लावली असेल? आणि मी खाली मान घालून पट्टी बांधायचे.

आणि वस्तीने तोपर्यंत माणूस शोधला होता. डोंगरावर वारल्यांचा पाडा आहे, वीस-पंचवीस घरं, तेव्हा तर दहाच असतील. तिथला काळू, मध काढायचा. मध काढायला धूर करतात, म्हणजे आग ह्यानेच लावली, झालं, ठरलं. आमच्याच वस्तीतल्या पाच-सहा जणांनी त्याला दंडाला धरून आमच्या घरासमोरून चौकीवर नेला. त्याचा कोयता कोणीतरी काढून घेतला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्याला तिथे बसवून ठेवला, मग पुरावा नाय म्हणून सोडला. जाताना तो माझ्या दाराकडे बघून गेला. मला वाटलं, माझा भास असेल.

पाच महिने मी ते पोटात ठेवलं, आणि पोटात तेव्हा माझा मुलगा पण होता. बाळंत झाले, महिना झाला, आणि मला राहवेना. बाळाला सासूबाईंकडे दिलं, म्हटलं देवळात जाते, आणि एक नारळ घेऊन पाड्यावर चढले. काळूदादा अंगणात बांबू चिरत बसला होता. मी म्हटलं, दादा, आग माझ्या हातून लागली. त्याने कोयता खाली पण ठेवला नाय. म्हणाला, मला माहीत आहे. मी म्हटलं, कसं? तो म्हणाला, आग कुठून सुरू झाली ते जमीन सांगते ना, तुझ्या दाराच्या मागे काळं टोक होतं, आणि त्या टोकावर राखेचा ढीग. मी म्हटलं, मग चौकीवर का नाय सांगितलं? म्हणाला, माझं कोण ऐकणार होतं? आणि ऐकलं असतं तर तुला नेली असती, तू पोटुशी. बांबू उलटा धरला, मग म्हणाला, पण मी विसरलो नाय हां बाय. माझ्या पोरांच्या समोर मला धरून नेला.

मी रडायला लागले. तो म्हणाला, रडून काय डोंगर हिरवा होणार आहे? दंड भर. मी घाबरले. म्हटलं, काय दंड? तर म्हणाला, दर उन्हाळ्याच्या आधी आम्ही पाड्याच्या खाली पट्टा साफ करतो, आग आत येऊ नये म्हणून. तू यायचं. झाडू घेऊन. दरवर्षी. मी म्हटलं, किती वर्षं? तो म्हणाला, मी बस म्हणेन तोपर्यंत. नारळ मात्र घेतला त्याने, तिथेच फोडला, अर्धा मला दिला.

घरी येऊन यांना सांगितलं. हे चार दिवस माझ्याशी बोलले नाय. पाचव्या दिवशी जेवताना म्हणाले, राख आधी पाण्यात भिजवायची असते. आणि मग उठून स्वतः पाड्यावर गेले, काळूदादाच्या पाया पडून आले, आणि वस्तीत चारचौघांना सांगितलं की आग आमच्या घरातून लागली. माझं नाव घेतलं नाय, आमच्या घरातून एवढंच. बायका काय समजायच्या त्या समजल्या. दोन वर्षं नळावर मला कोणी जागा द्यायचं नाय. पण काय सांगू, त्या दिवसापासून मला झोप लागायला लागली.

तर असा माझा झाडू सुरू झाला. जाळरेषा म्हणतात त्या पट्ट्याला. दहा-बारा पावलं रुंद, त्यावर एक पान ठेवायचं नाय, गवत मुळापासून काढायचं, आग तिथपर्यंत येते आणि खायला काय मिळालं नाय की बसते. ऐकायला सोपं आहे. पण तुम्ही आज झाडलं की उद्या साग परत पानं टाकतो, एकेक पान ताटाएवढं. काळूदादा पुढे कोयता घेऊन, मी मागे झाडू घेऊन, आणि तो सगळं शिकवायचा, कुठल्या बाजूचा उतार आधी सुकतो, कुठला ओढा मे महिन्यापर्यंत ओला राहतो, मोर कधी ओरडला तर लक्ष द्यायचं. मधल्या काळात यांना दम्याचा त्रास चालू झाला, एवढी वर्षं धूर गिळलेला, दुसरं काय होणार. हे घरी बसले आणि त्यांच्या जागी जंगलखात्याने उन्हाळ्यापुरती मला घेतली. वणवा-राखणदार. बाकीचे सगळे पुरुष. पहिल्या दिवशी एक जण म्हणाला, वहिनी, आग लागली की साडी सांभाळाल का डहाळी? दुसऱ्या दिवसापासून मी यांची पँट-शर्ट घालून गेले. आता विचारा म्हटलं.

आता तो मोठा वणवा सांगते. दहा-एक वर्षं झाली असतील. होळीनंतरचे दिवस, दुपारची वेळ. खालच्या अंगाने, रस्त्याकडून आग लागली, कोणी सिगरेट टाकली का कोणी कचरा पेटवला, देवाला माहीत. आम्ही सात जण आणि एक गार्ड, तो पण नवीन, लातूरकडचा पोरगा, तीन महिने झाले होते त्याला येऊन. आम्ही डावीकडून झोडपत चाललो होतो, जवळजवळ अर्धी विझवली, आणि वारा फिरला. बघता बघता आग सरळ पाड्याच्या दिशेने चढायला लागली. वर पाड्यात म्हातारी माणसं, शेळ्या, आणि शाळेतून आलेली पोरं. आम्ही धावत वर जाळरेषेवर गेलो, तर तीन दिवसांच्या वाऱ्याने रेषेवर वीतभर पाला. झाडायला घेतला, पाड्यातल्या बायका पण आल्या, सुपं, झाडू, हातात मिळेल ते. पण ज्वाळा एवढ्या उंच होत्या की रेषेवरून उडी मारणार हे मला दिसत होतं.

मी गार्डला म्हटलं, साहेब, आपण इथून लावू या. तो म्हणाला, काय लावू या? म्हटलं, आग. रेषेच्या खालच्या काठाने आपण पेटवू, उतारावरून ती हळूहळू खाली जाईल, मोठी येईपर्यंत मधलं सगळं जळून गेलेलं असेल, तिला चढायला गवतच उरणार नाय. तो पांढरा पडला. म्हणाला, बाई, डोकं ठिकाणावर आहे का, वरून विचारल्याशिवाय मी आग कशी लावू देऊ, हाताबाहेर गेली तर? फोन लावला त्याने, रेंज नाय. आणि मला पण आतून भीती होती हो, खोटं का बोलू, माझ्या हाताने लागलेली आग मी एकदा बघितली होती. तेवढ्यात काळूदादा आला, काठी टेकत, साठीचा झाला होता. पाड्यातली सगळी माणसं त्याच्या मागे. त्याने वर बघितलं, खाली बघितलं, आणि गार्डला म्हणाला, लावू दे तिला. घरं आमची आहेत, आम्ही सांगतो. तिला वारा कळतो.

मी मातीची चिमूट सोडून बघितली. वारा खालून वर. म्हणजे आमची आग वाऱ्याच्या तोंडावर जाणार, चालत. काडी ओढली. दर पाच पावलांवर एक बाई उभी केली, ओली गोणपाटं घेऊन, रेषेकडे ठिणगी आली की मारायची. आग चालली, अगदी भाजावळीसारखी, गुडघ्याएवढी. तोंड भाजत होतं, डोळ्यांतून पाणी, आणि मोठीचा आवाज येत होता, गाडी घाटात येते तसा. मग एक वेळ आली की मोठीने आमच्या आगीला ओढून घेतलं, वारा क्षणभर उलटा फिरला, दोन्ही एकमेकींवर आदळल्या, आणि एकदम वर गेल्या, आणि बसल्या. बसल्या म्हणजे अक्षरशः बसल्या. खायला काय राहिलंच नाय. दोन ठिकाणी ठिणग्या रेषा ओलांडून गेल्या, त्या बायकांनी झोडपून मारल्या. एक शेळी गेली, एका घराची कुडाची भिंत जळली. माणूस एक नाय.

तो गार्ड खाली बसला आणि रडायला लागला, पोरगाच तो. मग त्यालाच मी पाणी पाजलं. आणि काळूदादा माझ्याजवळ आला, म्हणाला, बाय, बस. मला वाटलं, बसायला सांगतोय, दमलेय म्हणून. मी बसले. तो हसायला लागला. म्हणाला, अगं, दंड बस म्हणतोय. संपला. मी म्हटलं, आता संपवून काय करू दादा, सवय झाली.

आता पुष्कळ बदललंय. पाला उडवायचं मशीन आलंय, पाठीवर घ्यायचं, भुर्रर्र करून दिवसाचं काम दोन तासांत. कुठे आग दिसली की मोबाईलवर मेसेज येतो. टॉवरमधले एक आजोबा आहेत, बाविसाव्या मजल्यावर, त्यांना झोप येत नाय दुपारची, ते दुर्बीण घेऊन बसतात आणि मला फोन करतात, सुनंदाबाई, तिसऱ्या टेकडीमागे धूर वाटतोय. दहात आठ वेळा धूळच असते. पण मी त्यांना कधी रागावत नाय. दोन वेळा खरंच धूर होता. वस्तीतल्या चौदा बायका आहेत आता माझ्याबरोबर, ज्या नळावर जागा देत नव्हत्या त्यांच्या सुना. पाच वर्षं झाली, वरचा उतार जळलेला नाय. तुम्ही चला एकदा, दाखवते. करवंदाच्या जाळ्या कमरेपर्यंत आल्यात, बिया पडून आपोआप आलेली ऐनाची रोपं माझ्यापेक्षा उंच झालीत. कोणी लावली नाय ती. नुसतं जळू दिलं नाय, एवढंच केलं आम्ही.

आणि आमची गार्ड कोण आहे माहीत आहे का? काळूदादाची नात, शेवंती. परीक्षा देऊन लागली. खाकी घालून पहिल्या दिवशी आली तेव्हा मी उभी राहून सलाम केला, तर लाजली, म्हणाली, काकी, असं नको ना करू यार. पण कामात कडक आहे. ह्या वर्षी फेब्रुवारीत, दुपारची, ओढ्याच्या पलीकडे आग लागली, मी आपली डहाळी तोडून निघाले, तर तिने मला अडवलं. म्हणाली, काकी, तुझे गुडघे चालत नाय, तू खाली थांबायचं, वॉकीटॉकी धरायची आणि धूर कुठे वळतो ते मला सांगायचं. मी म्हटलं, अगं तुझ्या जन्माआधीपासून मी. ती म्हणाली, म्हणून तर तुला सांगतेय. आणि गेली पुढे, पोरीबाळींना घेऊन.

एवढा राग आला मला. दगडावर बसले. तीस-पस्तीस वर्षांत पहिल्यांदा मी आग खालून बघत होते. ती तिकडे हात करून बायकांना पांगवत होती, हिला इकडे, तिला तिकडे, आणि मी वॉकीटॉकीवर सांगितलं, शेवंती, उजवीकडे वळतोय गं, आणि ती म्हणाली, दिसलं काकी, पोचले. मी सांगायच्या आधीच पोचली होती. मग धूर काळ्याचा करडा झाला, करड्याचा पांढरा, आणि पांढरा पण विरला. पाऊण तास, बास. मी तिथेच बसून राहिले. बसायची पण सवय करावी लागते माणसाला, शिकतेय हळूहळू.

चला, चहा घ्या. सुखी राहा, तुमच्या पोराबाळांना सावली मिळू दे. आणि पाड्यावर जाणार असाल तर काळूदादाला भेटा, त्याला ऐकू कमी येतं, मोठ्याने बोला, नाय तर ओरडतो.